कुठे शोधलंस?

रसायनशास्त्राच्या मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात आमचे प्राचार्य त्यांच्याबद्दल बोलताना म्हणाले, "त्यांच्या मृदू स्वभावाची उणीव आम्हाला कायम जाणवेल." मॅडम व्यासपीठावर, हार गळ्यात न घालता मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी समोरचा माइक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "मृदू नाही. भाषण कॉलेजच्या अंकात छापणार असाल तर तेवढं दुरुस्त करा." आणि माइक होता तिथे सरकवून ठेवला.

लोक हसले. मला हसू आलं नाही, राग आला. ज्या बाईंनी या कॉलेजात आयुष्य घालवलं, त्यांच्याबद्दल शेवटच्या दिवशीसुद्धा एक खरं वाक्य कोणाला बोलता येऊ नये? ज्या कामासाठी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली होती, तेच काम भाषणात 'विद्यार्थ्यांविषयीची तळमळ' होऊन आलं होतं. ती नोटीस द्यायला लावणारे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहितोय. मॅडमचं नाव लिहीत नाही. नाव घातलं तर त्या मजकूर वाचायच्या आधी नावातली वेलांटी तपासतील.

मी रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "पीएचडीला विषय काय घेतलायस?" मी विषय सांगितला आणि वर उत्साहाने जोडलं, "यावर अजून काम झालेलं नाही, मॅडम."

"काम झालेलं नाही, की तुला सापडलं नाही?"

"म्हणजे... सापडलं नाही."

"ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कुठे शोधलंस?"

"नेटवर."

"नेटवर म्हणजे कुठे? तू राहतोस कुठे विचारलं तर पृथ्वीवर असं सांगशील?"

त्यांनी हातातली बाटली कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी कुठे ते सांगता येईल त्या दिवशी ये." मला पुन्हा जायला तीन आठवडे लागले.

मॅडम बुटक्या, आवाज मोठा. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. स्टाफरूममध्ये त्या कधी बसत नसत. लॅबच्या मागे रसायनांचं भांडारघर होतं, तिथे खिडकीपाशी त्यांनी एक टेबल टाकलं होतं. एक्झॉस्ट पंखा दिवसभर घरघरायचा, त्यामुळे त्या ओरडूनच बोलत. "इथे बरं वाटतं," त्या म्हणत. "इथे प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. स्टाफरूममध्ये तशी सोय नाही." त्यांच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असे: दोडका, आजची तारीख, 'करणारी: मी'.

एकदा कॉलेज रोडवर एका गाडीवाल्याकडे आम्ही द्राक्षं घेत होतो. तो म्हणाला, "घ्या बाई, दिंडोरीचा माल आहे. औषध मारलेलंच नाही याच्यावर."

"मारलेलं नाही, की तुला माहीत नाही?"

"नाही ना बाई, गॅरंटी आहे."

"बाग तुझी?"

"माझी कशी असेल? मार्केटातून आणतो मी."

"मग मारलेलं नाही हे तुला कोणी सांगितलं? ज्याने सांगितलं त्याची बाग होती?" गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. पाठीमागे गिऱ्हाइकं थांबली होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "नाही माहीत बाई. घ्यायची तर घ्या." मॅडमचा चेहरा एकदम निवळला. "आता दे अर्धा किलो," म्हणाल्या, आणि भाव न करता घेतली.

ही त्यांची रीत होती. चूक त्या माफ करत. पण 'माहीत नाही' हे लपवून ठेवलं की त्यांचं डोकं फिरायचं.

त्याला कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. तरुणपणी स्वतःच्या पीएचडीसाठी त्यांनी तीन वर्षं खपून एक संयुग बनवलं होतं. शोधनिबंध परदेशी जर्नलला पाठवला. तिथून दोन ओळींचं उत्तर आलं: हे संयुग फार पूर्वी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवलंय, दुसऱ्या नावाने. हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच पंख्याच्या घरघरीखाली गेला. "त्या जर्मन माणसाचा मला राग आला नाही. तीन वर्षं माझ्या अवतीभवती शहाणी माणसं होती. गाइड होते, प्रमुख होते, प्रत्येक सहामाहीला अहवालावर सह्या होत होत्या. एकाने, एका तरी माणसाने मला विचारायला नको होतं, की कुठे शोधलंस?"

तेव्हापासून त्यांनी एक वही ठेवली होती. तिच्यात वीस प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं: अमुक संयुग पहिल्यांदा कोणी बनवलं, तमुक क्रियेत पाण्याऐवजी काय वापरलं. कुठलाही नवीन डेटाबेस दिसला की त्याला हे वीस प्रश्न घालायचे आणि तो किती उत्तरं आणतो ते बघायचं. "ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच आधी विचारायचं," त्या सांगत. "माहीत नसलेलं विचारलंस तर तो रिकाम्या हाताने परत आला तरी तुला कळणार नाही."

रसायनात हे का लागतं ते थोडक्यात सांगतो. एकाच संयुगाला तीन-चार नावं असतात. पाठ्यपुस्तकात एक, कारखान्यात दुसरं, जुन्या शोधनिबंधात तिसरंच. नावाने शोधणारा साधा डेटाबेस एका नावाचं आणून देतो आणि बाकीच्यांबद्दल गप्प राहतो. चांगल्या डेटाबेसमध्ये पडद्यावर रेणूची आकृती काढता येते. मग नाव काहीही असो, ती आकृती जिथे जिथे आली असेल ते सगळं समोर येतं, पेटंटांसकट. कारण तिथे कोणीतरी माणसाने बसून प्रत्येक शोधनिबंध वाचून त्यातल्या संयुगांची नोंद केलेली असते.

त्र्यंबकेश्वरची गोष्ट त्या वर्गात दर वर्षी सांगायच्या. घरच्या कुठल्याशा विधीसाठी त्या मनाविरुद्ध गेल्या होत्या. तिथल्या गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि कपाटातून लांबट वही काढून दोन मिनिटांत मॅडमच्या पणजोबांची सही दाखवली. विधी राहिला बाजूला. मॅडम त्या गुरुजींसमोर मांडी घालून बसल्या. वह्या कशा लावता? आधी गाव की आधी आडनाव? गावाचं नाव बदललं तर? गुरुजींनी सांगितलं, "जुन्या नावाखाली नवं लिहून ठेवतो बाई. नाहीतर माणूस दारात येऊन परत जाईल." मॅडम वर्गात हे वाक्य दोनदा म्हणायच्या. "माणूस दारात येऊन परत जाईल. डेटाबेस म्हणजे हे. लिहून घ्या."

आता डेटाबेस निवडायच्या सभेबद्दल.

कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार होती, आणि त्याआधी ग्रंथालयाला एखादा संशोधनाचा डेटाबेस घ्यायचा होता. निवडीसाठी बसलो आम्ही पाच जण: प्राचार्य, आमचे विभागप्रमुख सर, ग्रंथपाल, मॅडम, आणि इतिवृत्त लिहायला मी. पर्याय दोन. एक रसायनाचा मोठा डेटाबेस, आकृती काढून शोधता येणारा, महाग. दुसरं एक पॅकेज: मॅनेजमेंट, कायदा, शिक्षणशास्त्र आणि त्यातच रसायन, स्वस्तात. पॅकेजवाल्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने 'बेंझीन' टाइप केलं. पडदा भरून निकाल आले. प्राचार्य म्हणाले, "वा!"

मॅडम म्हणाल्या, "रामकुंडावर उभं राहून गोदावरी कुठेय असं विचारल्यासारखं झालं हे. याला काहीतरी अवघड विचारा."

त्यांनी आदल्या पंधरवड्यात, चाचणीसाठी दोन्ही डेटाबेस उघडे होते तेव्हा, आपले वीस प्रश्न दोघांनाही घातले होते. कागद त्यांनी टेबलावर ठेवला. पॅकेजने सहा उत्तरं आणली होती. मोठ्या डेटाबेसने अठरा. "दोन यालाही आली नाहीत," त्या म्हणाल्या, "तेही खाली लिहिलंय." मोठा परवडत नाही हे त्यांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की मोठ्याचं एकच लॉगिन घ्या, एका वेळी एकाने बसावं, पाळी लावू. बाकीच्या विषयांना जे फुकट मिळतं ते वापरू आणि फुकटचं आहे हे उघड सांगू.

"एकच लॉगिन?" विभागप्रमुख सर हसले. "मूल्यांकनाच्या फॉर्मवर कसं दिसेल ते?"

"विद्यार्थ्याला काय दिसेल ते बघायचं ना?"

प्राचार्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, फॉर्ममध्ये जर्नलांची संख्या विचारतात. शोधून काय सापडलं ते विचारत नाहीत."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, जणू पंख्याचा वेग सांगत होते. मॅडम उठल्या. "मग त्र्यंबकच्या त्या गुरुजींना या समितीवर घ्या. त्यांना निदान दारात आलेल्या माणसाची लाज आहे. माझा विरोध आहे, लिहून घ्या." हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि गेल्या.

मी लिहून घेतलं होतं. संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बसवलं, तो कागद फाडला आणि नवीन सांगितला. शेवटची ओळ होती: 'पॅकेज घेण्याचा निर्णय सर्वानुमते झाला.' मी वर पाहिलं. सर म्हणाले, "तुझं पुढच्या वर्षीचं नियुक्तिपत्र माझ्याच टेबलावरून जातं ना?" मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूचनाफलकावर ते वाचलं. भांडारघरात मला बोलावलं आणि विचारलं, "अक्षर तुझं आहे ना?"

"हो."

बस. ओरडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय सर्वानुमते, तास आहे का?" "सर्वानुमते, ती ब्युरेट दे इकडे." विद्यार्थ्यांसमोर, शिपायासमोर, सगळ्यांसमोर. मुलांना वाटायचं ही काहीतरी गंमत आहे. मला रात्री जेवताना ती हाक ऐकू यायची. वर्षभर मला मॅडमचाही राग येत राहिला. मोठं पक्कं पद असलेल्या बाईला तत्त्व परवडतं, मला कुठून परवडणार, असं मी बायकोला सांगत राहिलो. ती एकदा म्हणाली, "मग त्यांना सांग की हे." मी सांगितलं नाही.

मनीषा सुरगाण्याकडची. वडील सुरगाणा ते वणी जीप चालवायचे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिली. ती विभागप्रमुख सरांकडे पीएचडी करत होती: द्राक्षावर येणाऱ्या भुरीवर, म्हणजे बुरशीच्या रोगावर, चालेल असं एक संयुग तिने बनवलं होतं. चार वर्षं झाली होती, प्रबंध टाइप होत आला होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की हे संयुग जगात प्रथमच तयार करण्यात आलं आहे.

एका दुपारी ती भांडारघरात इथेनॉल न्यायला आली. मॅडमनी बाटली हातात देता देता विचारलं, "कुठे शोधलंस?"

"आपल्या कॉलेजच्या डेटाबेसात, मॅडम. तीनदा. काहीच नाय आलं. सर म्हणाले, नवीन आहे."

मॅडमनी एका कागदावर तिच्याकडून रेणूची आकृती काढून घेतली. दोन दिवसांनी किरकोळ रजा टाकून त्या पहाटेच्या एसटीने पुण्याला गेल्या. तिथल्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात तो महागडा डेटाबेस होता आणि त्यांची एक मैत्रीण कामाला होती. त्याच दिवशी परत आल्या. सकाळी मनीषाला बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो, तराजू साफ करत.

त्यांनी टेबलावर एक छापील पान ठेवलं. एका जपानी कंपनीचं पेटंट. लांबलचक तक्ता, शेकडो संयुगांच्या आकृत्या, नावं नाहीत, नुसते आकडे. एका आकड्याला पेन्सिलने गोल केला होता. मनीषाने ती आकृती पाहिली. मग स्वतःच्या वहीत पाहिलं. मग पुन्हा तिकडे.

"मग माझी चार वर्षं?" ती म्हणाली.

"चार वर्षं तुझीच आहेत. 'प्रथमच' हा शब्द तुझा नाही. तो काढावा लागेल."

"आणि मग राहतं काय, मॅडम?"

"ते शोधू. यांनी हे भुरीवर तपासलेलं नाही. यांची कृती आठ पायऱ्यांची आहे, तुझी तीन. पण ते तू सांगायचंस, मी नाही. आधी हे खरं मान्य कर." मॅडमचा आवाज इतका चढला होता की बाहेरच्या लॅबमधली मुलं थांबून बघायला लागली. राग मनीषावर नव्हता. त्यांनी ते पान उचलून पुन्हा टेबलावर आपटलं. "एक लॉगिन मागितलं होतं मी. एक!"

मनीषा विभागप्रमुखांकडे गेली. सरांनी पान बघितलं आणि ते ड्रॉवरमध्ये टाकलं. "प्रबंध आहे तसा दे," ते म्हणाले. "विद्यापीठात कोण जपानी पेटंट उघडून बघतंय?" मनीषाने प्रबंध द्यायला नकार दिला. मग आठवड्याभरात सरांच्या तक्रारीवरून मॅडमना नोटीस आली. कारण काय, तर 'आदिवासी समाजातील एका संशोधक विद्यार्थिनीचे मानसिक खच्चीकरण'. हे वाचून माझ्या अंगाची आग झाली. ज्या माणसाने त्या पोरीला खोट्यावर सही करायला सांगितलं, तोच तिच्या समाजाचं नाव पुढे करून मॅडमवर धावून गेला होता. आणि नोटिशीला आधार हवा म्हणून त्याने मनीषाच्या वडिलांना फोन केला, की तुमच्या मुलीला एक बाई त्रास देतायत, येऊन तक्रार लिहून द्या.

वडील आले. रस्त्यावर जीप लावून, धुळीच्या चपलांनी विभागाच्या पायऱ्या चढले. त्यांना केबिन सापडली नाही, ते भांडारघराच्या दारात येऊन उभे राहिले. मॅडमना पाहून म्हणाले, "मनीषाची बाई तुम्हीच काय?"

"मीच."

"मला एक सांगा. पोरीनं चोरी केली काय?"

मॅडम झटकन उठल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नाय. पन ज्ये दुसऱ्यानं आधीच केलंय त्ये हिनं केलं, आसं फोनवर कळलं. तर मंग चोरीच ना?"

"बसा." मॅडमनी स्वतःची खुर्ची दिली आणि पंखा बंद केला. मी तो पंखा दिवसा बंद झालेला कधी पाहिला नव्हता. "तुम्ही गाडी चालवता. तुमच्या गावाकडून गुजरातेत जायला रस्ते किती?"

"दोन डांबरी. एक जंगलातून, पावसाळ्यात बंद."

"कोणी नवखा म्हणाला, रस्ताच नाही, तर?"

"तो हिकडचा नसंल. त्याला म्हाईत नसंल."

"आमच्या कॉलेजने असा एक नवखा माणूस वाटाड्या म्हणून ठेवलाय. तुमच्या मुलीने त्याला तीनदा विचारलं, कोणी आधी गेलंय का? तो तीनदा नाही म्हणाला. मुलीने चोरी केलेली नाही. मुलगी प्रामाणिकपणे चालली. चूक वाटाड्या निवडणाऱ्यांची आहे, आणि आता ते तिला सांगतायत की कोणाला बोलू नकोस."

वडील म्हणाले, "आन् त्या सायबांनी मला कशाला बोलावलंय?"

"माझ्याविरुद्ध लिहून घ्यायला."

"तुमी पोरीला खरं सांगितलं म्हनून?"

"हो."

ते उठले, केबिन कुठे आहे ते मला विचारलं, मी त्यांना घेऊन गेलो. सरांनी टाइप केलेला कागद पुढे केला. वडिलांनी तो पूर्ण वाचला, अक्षरावर बोट ठेवत, वेळ घेऊन. "ह्ये माझं म्हननं नाय," ते म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवून दिला. सर समजावत राहिले. ते पुन्हा एकदाच म्हणाले, "ह्ये माझं म्हननं नाय, सायेब," आणि जीप घेऊन परत गेले.

मी त्या केबिनच्या दारात उभा होतो. एक माणूस पन्नास-साठ मैलांवरून आपली दिवसभराची फेरी सोडून येतो, आणि खोटा कागद वाचून खाली ठेवतो, दोन मिनिटांत. आणि मी? माझ्या समोर कागद ठेवला होता तेव्हा मी तो सुंदर अक्षरात लिहिला होता.

नोटिशीच्या चौकशीला मी बोलावलेला नव्हतो. तरी गेलो. प्राचार्यांना म्हणालो, "सर, डेटाबेसच्या सभेत मॅडमनी विरोध नोंदवला होता. सर्वानुमते काही झालं नव्हतं. ते खोटं मी लिहिलं, मला लिहायला सांगितलं म्हणून. चौकशी करायची तर तिथून सुरू करा." विभागप्रमुख सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तब्येत बरी नाही का तुझी?"

मॅडम पलीकडच्या खुर्चीत होत्या. बाहेर पडताना त्यांनी मला नावाने हाक मारली. "जेवलास का?" एवढंच.

नोटीस मागे घेतली असं कोणी कधी सांगितलं नाही. फक्त पुढची तारीख आली नाही. पुढच्या जूनमध्ये माझे तास निम्मे झाले, तेही कोणी कारण न सांगता. आणि मूल्यांकन समिती येऊन गेली, तेव्हा पॅकेजसाठी ग्रंथालयाला वेगळे गुण मिळाले. समितीतल्या एकाने ते उघडून 'बेंझीन' शोधलं म्हणे.

मनीषाने एक वर्ष आणखी घेतलं. मॅडमबरोबर चार वेळा पुण्याला जाऊन आली. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिने पूर्ण नव्याने लिहिलं: कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या तारखेला, आकृतीने की नावाने, काय शोधलं, काय आलं, काय आलं नाही. 'प्रथमच' हा शब्द एकाच ठिकाणी उरला, भुरीवरच्या चाचणीच्या आधी, आणि तो तिचा होता.

व्हायवा विभागाच्या सभागृहात झाली. वडील, आई, गावाकडची पाच-सहा माणसं शेवटच्या रांगेत, मॅडम त्यांच्याच शेजारी. बाहेरगावचे परीक्षक तासभर प्रश्न विचारत होते. ती शांतपणे उत्तरं देत गेली. शेवटी परीक्षक म्हणाले, "हे पेटंट तुम्हाला मिळालं कसं? सहसा लोकांच्या नजरेतून हे निसटतं."

मनीषा बोलायच्या आधीच विभागप्रमुख सर पहिल्या रांगेतून उठले. "आमच्या कॉलेजमध्ये अद्ययावत डेटाबेस आहे, सर. विद्यार्थ्यांना आम्ही सगळी सोय..."

माणसाला इतकं सहज खोटं बोलता येतं, सगळ्यांसमोर, ज्यांना खरं माहीत आहे त्यांच्यासमोर!

"नाय, सर," मनीषा म्हणाली. ती घाबरली की तिच्या बोलण्यात गाव यायचं. "आपल्या डेटाबेसात ते नव्हतं. मी तीनदा शोधलं होतं. मॅडम रजा काढून एसटीने पुण्याला गेल्या, तिथे मिळालं. त्या मागे बसल्यात." आणि तिने हात करून दाखवलं.

परीक्षकांनी मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. सर खाली बसले. परीक्षकांनी काही लिहिलं, आणि पाच मिनिटांनी ती डॉक्टर झाल्याचं जाहीर केलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम तिच्यावर तुटून पडल्या. "परीक्षा तुझी होती! मला मध्ये कशाला आणलंस? आणि तिसऱ्या तक्त्यात एकक चुकलंय, ते कोणी बघितलं का?"

मनीषाने डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, माहिती जिथून मिळाली त्याचा संदर्भ द्यायचा असतो. तुम्हीच सांगता."

मॅडमनी साडीचा पदर उगाच खांद्यावर नीट केला. विभागप्रमुख सर फोटोसाठी पेढ्यांचा मोठा बॉक्स दोन्ही हातांत धरून परीक्षकांपाशी उभे होते. मॅडम तरातरा तिकडे गेल्या, त्यांच्या हातातून तो बॉक्स काढून घेतला, आणि कॅनव्हासच्या बुटांनी व्हरांडा ओलांडून आधी मनीषाच्या वडिलांसमोर नेऊन धरला.